निळ्याखालचा लाल

रविवारी जेवणे आटोपल्यावर कोणी आडवे होऊ नये, असे माईंनी सकाळीच सांगून ठेवले होते. आणि माईंनी एकदा सांगितलेले या घरात पुन्हा विचारण्याची पद्धत नव्हती. ताटे उचलली गेली, हात धुतले गेले, आणि घरातली माणसे एकेक पायरी उतरून खाली नांदघरात गेली. पुढे माई, कोणाचाही आधार न घेता. त्यांच्यामागे त्यांचा मुलगा, ज्याला लहानथोर सगळेच दादा म्हणत. मग सूनबाई, मग माहेरी आलेली लेक आणि तिचे यजमान, ज्यांचे चौकात औषधांचे दुकान होते. सर्वांत शेवटी, एका हाताने कठडा धरून, जिच्यासाठी हा सारा खटाटोप चालला होता ती नात. लहानपणी ती सुताची टोके कोनाड्यात साठवीत असे, म्हणून तिचे नाव पडले खारू. आता ती लग्नाच्या वयाची झाली होती, तरी नाव तेच राहिले.

नांदघर अर्धे जमिनीत होते. त्याच्या बुटक्या खिडक्या बाहेर रस्त्याच्या पातळीला उघडत. त्यांतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत आणि त्या पायांच्या सावल्या समोरच्या भिंतीवरून सरकत. त्यामुळे खोलीत जितकी माणसे असतील त्यांहून दोनतीन अधिक आहेत, असे नेहमी वाटे. मधोमध, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेली, लोकरीच्या जाड झाकणाखाली, जुनी होती.

जुनी म्हणजे निळीची नांद. माईंच्या आजेसासऱ्यांनी ती लावली आणि त्यानंतर ती कधीही संपूर्ण रिकामी झाली नव्हती. निळीची नांद ही चुलीवरच्या पातेल्यासारखी निर्जीव वस्तू नव्हे. डोळ्यांना न दिसणारे असे काही तिच्यात वसते. ते कोंड्यावर जगते, उबेत वाढते, श्वास सोडते, आणि ते जगले तरच नीळ विरघळून कापडाला धरते. आत बुडलेले कापड हिरवट पिवळे असते. बाहेर काढले की वारा लागताच, पाहता पाहता, ते निळे पडते. नवख्या माणसाला हे पाहून कौतुक वाटते. दुसऱ्यांदा पाहिले की मात्र तो किंचित मागे सरकतो.

काम संपले की नांद उपसत, पण तळाचा तिसरा हिस्सा राखत. त्यावर नवे पाणी, नवा कोंडा, चुना, नवी नीळ. या राखलेल्या हिश्शात जे टिकून असते तेच सगळ्यांत चिवट असते, आणि तेच पुढची नांद उभी करते. ‘तळ दाखवू नये’ हे वाक्य या घरातल्या मुलांना बोलता येण्याआधी कळत असे. आणि शहाणपण एकदा घरात शिरले की ते एका खोलीत थांबत नाही. तेलाची बरणी कोरडी होऊ देत नसत. साबणाची जुनी चकती नव्या वडीला चिकटवीत. औषधांच्या डब्यात प्रत्येक आजारपणातले काही ना काही उरवून ठेवलेले असे. याला कोणी कंजूषपणा म्हणत नसे. ही घराची शिस्त होती.

आज माई जुनीला खारूच्या हवाली करणार होत्या.

हे सगळ्यांना रुचले नव्हते. माईंच्या लेकीचे, म्हणजे खारूच्या आत्याचे, म्हणणे असे की पोर अजून कच्ची आहे, नाट्यगृहाच्या पडद्यांचे मोठे काम अंगावर असताना नवा हात कशाला घालायचा. तिचे खरे दुखणे निराळे होते आणि तेही सगळ्यांना ठाऊक होते. खारूच्या वयाची असताना जुनीचा श्वास तिला जितका कळे तितका घरात कोणालाच कळत नव्हता, आणि तरी तिचे लग्न करून तिला चौकापलीकडे धाडण्यात आले होते. दादा या बाबतीत बहिणीच्या बाजूचा होता, पण वेगळ्या कारणाने. त्याला पिंपात पाणी ओतून पुडी सोडली की रंग तयार, असे आजकालचे काम हवे होते. सासूसमोर मान वर न करणारी सूनबाई तेवढी माईंच्या पक्षात होती. कारण त्या पक्षात तिची मुलगी होती.

“तुमच्या राज्यात वारस आधी ठरतो माई, आणि सभा मागनं भरते,” आत्या म्हणाली.

“सभा ऐकायला भरवली आहे,” माई म्हणाल्या. “मत द्यायला नव्हे.”

दादाला हसू आले, ते त्याने खोकल्यात घालवले.

रीत साधी होती. जिच्या हाती नांद जायची तिने सर्वांसमक्ष झाकण काढायचे, कोपरापर्यंत हात घालून तळाचा अंदाज घ्यायचा, आणि जुनी कशी आहे ते सांगायचे. तिच्याआधी त्या दिवशी कोणी हात घालायचा नाही. खारू पुढे आली. तिने लांब बाह्यांचा झगा घातला होता. या उबेत तो कशाला, असे आत्याच्या मनात येऊन गेले. खारूने उजवी बाही कोपरापर्यंत सारली. बोटांच्या टोकांपासून कोपरापर्यंत तिचा हात निळा होता, नखांशी जवळजवळ काळा. तसे हात या घरात सर्वांचेच कधी ना कधी होते. बाहेर लोक वळून पाहत, आणि त्या वळून पाहण्याचा अभिमान बाळगायला माईंनी दोन पिढ्यांना शिकवले होते.

झाकण सरले. वर तांबूस चकाकणारी साय होती, मध्ये निळ्या फेसाचा गुच्छ. एक बुडबुडा वर आला, थांबला, फुटला. खारूने हात आत घातला आणि डोळे मिटले.

ती बराच वेळ तशीच राहिली. भिंतीवरून कोणाच्या तरी पायांच्या सावल्या गेल्या. मग ती अगदी हळू म्हणाली, “गार आहे.”

माईंनी मान वर केली.

“जुनी गार आहे, माई. तळापासून.”

दादा पुढे सांगे की त्या क्षणी त्याला पहिल्यांदा सुटल्यासारखे वाटले. गार पडलेली नांद ही मेलेली नांद असते. मग पुडीचे पिंप आणायला कोणाची हरकत राहणार नव्हती. पण ते टिकले नाही. आपण जिला वर्षानुवर्षे म्हातारे खोड म्हणत आलो ती खरोखरच गेली, आणि ती गेल्यावर या खोलीत जे काही दुसरे होते ते आता आपल्याकडे पाहत आहे, असे त्याला वाटले. त्याने मागे वळून पाहिले. मागे फक्त भिंत होती. शेजारी आत्या तोंडात पदर कोंबून रडत होती, आणि आपण का रडतो आहोत हे तिचे तिलाही कळत नव्हते.

माई गुडघ्यांवर बसल्या. दोन वर्षांत त्या अशा बसल्या नव्हत्या. त्यांनी बांगड्या मागे सारल्या आणि हात आत घातला.

जुनी ऊबदार होती. नेहमीसारखी, निजलेल्या मुलाच्या कुशीसारखी.

माईंनी हात काढला नाही. “दादा, हात घाल,” त्या म्हणाल्या. दादाने घातला. मग आत्याला सांगितले, तिनेही घातला. तिघांनी एकमेकांकडे पाहिले. तिघांच्याही हातांना एकच ऊब लागत होती, आणि पलीकडे खारू, निळा हात अंगाशी धरून, दात वाजत असताना, ओळखीचे कोणी भेटावे तशी हसत होती.

“गारच आहे गं,” ती माईंना म्हणाली. घरात माईंना तू म्हणणारी ती एकटीच होती. “तिनं माझा हात धरला होता. सोडतच नव्हती.”

सूनबाईने पुढे होऊन मुलीच्या कपाळाला हात लावला आणि चटका बसावा तसा काढून घेतला. जुनी गार नव्हती. मुलगी तिच्याहून कितीतरी अधिक तापली होती.

सूनबाईला कोणी काही विचारले नाही, आणि त्यामुळे तिला सगळे एकदम आठवले. वाळवणीच्या चौकटीचा गंजका आकडा खारूच्या मधल्या बोटात मुळाशी घुसला होता. बोट सुजले, ताप आला. डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल लिहून दिल्या आणि बजावले की ताप उतरला तरी एकही गाळायची नाही, कारण जखम हाडापर्यंत गेलेली असू शकते. ताप उतरला. सूज गेली. खारू शिट्टी वाजवीत नांद ढवळू लागली. उरलेल्या कॅप्सूल सूनबाईने स्वतःच्या हाताने डब्यात ठेवल्या. तिला त्यात काही चुकल्यासारखे वाटले नव्हते. उलट सगळे संपवून टाकले असते तर चुकल्यासारखे वाटले असते. मग पुन्हा कणकण आली. डब्यातल्या कॅप्सूल निघाल्या, दोनतीन दिवसांत बरे वाटले, पुन्हा डब्यात गेल्या. पुढे पुन्हा आली, आणि डब्यातल्या पुरेनात म्हणून तिने थोड्या आणखी मिळवल्या. कोणाकडून मिळवल्या ते तिने आणि देणाऱ्याने आपल्यातच ठेवले होते. गेल्या आठवड्यापासून खारूला पहाटे हुडहुडी भरत होती. आजचा दिवस पार पडू दे, मग पाहू, असे मायलेकींचे ठरले होते.

जावई काही न बोलता खारूजवळ गेला. जेवणाआधी डोके दुखते म्हणून तो वर औषधांचा डबा उघडून आला होता, आणि आतल्या अर्ध्यामुर्ध्या पट्ट्या पाहून त्याची भूकच गेली होती. त्यातली एक पट्टी त्याच्या दुकानातली होती. चिठ्ठी न पाहता, वहिनी मागते आहे म्हणून, त्याने ती दिली होती.

“बोट दाखव,” तो म्हणाला.

“काही नाही आतोबा, थोडं ठणकतंय.”

त्याने तिचा हात उजेडाकडे नेला. खिडकीबाहेर कोणाचे तरी पाय थांबले होते. ते पुढे गेल्यावर त्याने पुन्हा पाहिले. बोट जाड झाले होते, पण रंग सर्वत्र तोच. जिथे लाली शोधायची तिथे निळा होता. जिथे ती पसरते तिथेही निळा. लाल काही दिसतच नव्हते, म्हणून काही नाही असे सगळ्यांनी धरले होते. त्याने तळव्याने हात चाचपला. मनगट गरम, त्याच्यावर गरम, कोपराशी गरम.

“बाही वर कर. आणखी वर.”

“अहो, असू दे ना,” आत्या म्हणाली.

त्याने स्वतःच बाही खांद्यापर्यंत सारली. कोपराच्या वर, जिथे निळा रंग संपत होता त्या काठातून, बोटभर रुंदीचा एक लाल पट्टा बाहेर आला होता आणि दंडाच्या आतल्या बाजूने काखेकडे चालला होता. तो नुकताच बाहेर आला असावा असे कोणालाच वाटले नाही. कितीतरी दिवस तो त्या निळ्याखालून, घरातल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर, ताटाशी बसताना, नांद ढवळताना, निजताना, वर वर येत होता.

सूनबाई भिंतीला टेकली. दादाने एवढेच विचारले, गाडी कुठे लावली आहे.

गाडीत माई पुढे बसल्या नाहीत. खारूचे डोके मांडीवर घेऊन त्या मागे बसल्या, आणि बाजूला अंग चोरून बसलेल्या जावयाला त्यांनी विचारले की औषध घेतले, ताप गेला, मग हे आले कोठून. जावयाने नजर टाळली. त्याने सांगितले ते असे की ताप जातो तेव्हा रोग गेलेला नसतो. औषधाने आधी दुबळे मरतात. जे चिवट असतात ते शेवटपर्यंत तग धरून राहतात, आणि नेमके तेव्हाच औषध थांबवले, तर मैदान त्यांना मोकळे मिळते. मग वाढतात ती त्यांची पोरे. पुन्हा थोडे औषध, पुन्हा तीच निवड.

“म्हणजे उरतं ते सगळ्यांत—”

“हो, माई.”

माईंनी पुढे विचारले नाही. जावयाला वाटले, म्हातारीला कळले नसावे. कळणारे या गाडीत त्यांच्याइतके कोणी नव्हते. गेली पन्नास वर्षे त्या स्वतःच्या हातांनी तळाचा हिस्सा राखत आल्या होत्या, त्याला ऊब देत आल्या होत्या, थोडा दम धरू देऊन पुन्हा उभा करत आल्या होत्या. मांडीवरल्या मुलीच्या निळ्या हातात आज नेमके तेच कोणीतरी करीत होते, आणि त्याला ते त्यांच्याच घराने शिकवले होते. खारू अर्धवट झोपेत काही पुटपुटली. माईंनी कान जवळ नेला. “श्वास घेतेय,” ती म्हणत होती, “ऐक, इथं,” आणि डाव्या हाताने उजवा दंड दाखवीत होती.

इस्पितळात पहिला गोंधळ रंगाने घातला. दाराशी असलेल्या नर्सने हात पाहिला आणि धावत जाऊन प्राणवायूचे नळकांडे आणले. मग कळले की ही निळाई आतली नव्हे, बाहेरची. बोटाला लावून प्राणवायू मोजायचा चिमटा आकडेच दाखवेना, तो शेवटी कानाच्या पाळीला लावावा लागला. स्पिरिटचे बोळे घासून घासून निळे झाले, हात होता तसाच राहिला. तरुण सर्जनने विचारले, ही निळाई केव्हापासून आहे.

“तिच्या खापरपणजोबांपासून,” दादा म्हणाला, आणि स्वतःचाच आवाज ऐकून ओशाळला.

सर्जनने पेनाने दंडावर, लाल पट्टा जिथे संपत होता तिथे, एक आडवी रेघ ओढली. ही रेघ ओलांडून लाली वर गेली तर बोटाचा विचार करायला वेळ उरणार नाही, असे त्याने सांगितले. विष रक्तात उतरू लागले आहे; शिरेतून औषध सुरू केले आहे; पण आधी कोणते औषध दिले गेले, किती, आणि केव्हा थांबवले, हे त्याला आत्ता, खरे, हवे होते.

सूनबाई पुढे झाली. तिने सासूकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. मग तिने पहिल्या खेपेचे सांगितले, दुसऱ्या खेपेचे सांगितले, आणि तिसऱ्या खेपेच्या कॅप्सूल कोठून आल्या तिथे येऊन ती थांबली.

आत्याने यजमानांचा दंड धरला. “परवाना जाईल,” ती कानाशी म्हणाली. “वहिनींना सांगू दे, घरातल्याच होत्या म्हणून.”

जावयाने तिचा हात हलकेच सोडवला. मीच दिल्या, चिठ्ठीवाचून दिल्या, थोड्या दिल्या, असे त्याने सर्जनला सांगितले, आणि औषधाचे नाव व ताकद न अडखळता सांगितली. आत्या मान फिरवून उभी राहिली. पण थोड्या वेळाने तीच सूनबाईच्या शेजारी बाकावर जाऊन बसली. ज्या दोघी वीस वर्षांत एका बाकावर बसल्या नव्हत्या त्या बसल्या, कारण आता प्रश्न बोटाचा होता.

सर्जनने दोन वाटा मांडल्या. बोट उघडून हाड खरवडायचे, बोट राखायचे, आणि उरलेले काम औषधावर सोडायचे. किंवा रोग ज्या हाडात बसला आहे ते बोट मुळापासून काढायचे. औषध चालते याची खात्री असती तर बोट राखले असते, असेही तो म्हणाला. आज ती खात्री नाही. पू तपासायला पाठवला आहे. त्या जंतूंवर काय चालते आणि काय नाही, हे कळायला काही दिवस लागतील, आणि तितके दिवस हाती नाहीत.

बोट राखा, असे सूनबाई म्हणाली. बोट राखा, असे आत्याही म्हणाली; मधल्या बोटावाचून पिळा कसा धरणार, कापड कसे झटकणार, पोरीचे आयुष्य काय. सही दादाने करायची होती, कारण खारूला आता विचारलेले समजत नव्हते. पण पेन हातात धरून तो आईकडे पाहत होता, पाटी घेऊन मास्तरांपुढे उभा राहावा तसा. पन्नाशीच्या दादाला असे पाहणे आत्याला सहन झाले नाही.

“दादा, आपल्या लेकीचं आहे. एकदा तरी माईंना न विचारता ठरव.”

दादाने पेन खाली ठेवले नाही, आणि टेकवलेही नाही.

माई बाकावरून उठल्या. त्यांनी सर्जनला एकच विचारले. “खरवडलं आणि हाडात थोडं राहिलं, तर?”

“राहिलं तर ते औषधाला पुरून उरलेलंच असेल,” सर्जन म्हणाला. “आज बोट आहे. पुढच्या वेळी कदाचित हात असेल. नाहीतर पुढची वेळच नसेल.”

“मग काही राखू नका.”

सर्जनला वाटले, म्हातारी बाई घाबरून बोलते आहे. त्याने पुन्हा समजावू पाहिले. माईंनी हात वर करून त्याला थांबवले. त्या हाताने आजवर घरातली कित्येक भांडणे थांबवली होती.

“मी शुद्धीवर बोलते आहे, डॉक्टर. जिथपर्यंत ते पोचलंय, तिथपर्यंत काढा. रोगाचा अंशसुद्धा मागे राहता कामा नये. दादा, सही कर.”

दादाने सही केली. सूनबाई रडली नाही. तिने सासूकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात कृतज्ञता होती की द्वेष, हे त्या दोघींनीही कधी तपासले नाही.

शस्त्रक्रिया चालली होती तोवर चौघे बाकावर होते आणि माई उभ्या होत्या. समोरच्या दाराला धुरकट काच होती. तिच्याआड आकृत्या ये-जा करीत. एकदा सर्जनने बाहेर येऊन हाड पोखरलेले होते एवढे सांगितले आणि तो परत आत गेला. संध्याकाळी खारूला खाटेवर आणून निजवले तेव्हा नर्सने दंडावरची चादर सारली. पेनाची रेघ होती तिथेच होती. लाल पट्टा तिच्या अगदी कडेपर्यंत येऊन थांबला होता. तो हलला नव्हता. पण तो गेलाही नव्हता. पुढचे दोन दिवस घरातले जे कोणी त्या खोलीत येई ते खारूच्या चेहऱ्याकडे पाहण्याआधी त्या रेघेकडे पाही.

मग पट्टा उतरू लागला. आधी फिका, मग तुटक, मग निळ्याच्या काठाशी परत. तपासणीचा निकाल आला. ज्या कॅप्सूलने पहिल्या खेपेस बरे वाटले होते ती या जंतूंवर आता मुळीच चालत नव्हती. शिरेतून दिलेले नवे औषध चालत होते. आत्या कोणाला दिसू न देता बाहेर जाऊन डोळे पुसून आली, आणि आल्यावर सूनबाईला म्हणाली, “वहिनी, घरी जाऊन आंघोळ करून या. किती दिवस त्याच साडीत आहात.” सूनबाई हसली. जावयाचे दुकान तपासायला माणसे येऊन गेली होती. त्याने ते कोणाला सांगितले नव्हते, आणि आत्याने ते सगळ्यांना सांगितले होते. दादाने गाडी दाराशी आणून ठेवली होती, कारण खारू उशीला टेकून बसली होती आणि तिला भूक लागली होती.

पट्टी बांधलेला हात तिने छातीशी धरला होता. गालांवर रंग आला होता. ताप नव्हता. नर्सने आजचे औषध लावायला आणले आणि सांगितले की अजून कित्येक आठवडे ते चालवायचे आहे, आधी इथे, मग घरी. दादा म्हणाला की आता तर पोर चांगली दिसते, उरलेले घरीच पाहता येणार नाही का. आत्याही म्हणाली की इस्पितळात माणूस आणखी आजारी पडतो. सूनबाईने मान हलवली नाही, पण तिची नजर दाराकडे गेली. जावई तोंड उघडणार तोच खारू बोलली.

“खरंच गं माई,” ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा तिचा आवाज तिचा वाटला. “आता अगदी बरं वाटतंय.”

माईंच्या अंगावर काटा आला.

त्यांनी नर्सला औषध लावायची खूण केली. दाराजवळची खुर्ची ओढून त्या खाटेला लागून बसल्या, आणि दादाला म्हणाल्या, “गाडी घेऊन तू जा. आम्ही नंतर येऊ.”

शेवटचा थेंब उतरेपर्यंत त्या नळीकडे पाहत राहिल्या. मग नर्सला त्यांनी विचारले, उद्याचे केव्हा.